कबुतराची खेळरजा

आमच्या कारखान्यात खेळाडूंना वर्षातून चार दिवस खेळरजा मिळते. भरपगारी. करारात तसं कलमच आहे की तालुका किंवा त्याहून वरच्या पातळीच्या स्पर्धेत भाग घेणाऱ्या कामगाराला ती द्यावी. ज्यांनी हा करार लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढे कबड्डी, कुस्ती, खो-खो आणि फार तर क्रिकेट असणार. खेळ कशाला म्हणायचं हे लिहून ठेवावं असं काही त्यांना सुचलं नाही, आणि ते काम गेली बावीस वर्षं माझ्या डोक्यावर येऊन बसलं आहे.

मी रांजणगावला टाइम ऑफिसमध्ये आहे. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोण आलाच नाही आणि का आला नाही, हे बघणं माझं काम. राहायला शिरूरला. तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलो, पुढे गुडघ्याने दगा दिला आणि थांबलो. एवढ्या भांडवलावर कारखान्यात 'खेळातलं यांना कळतं' असा माझ्याबद्दल समज झाला आणि तो मी कधी खोडून काढला नाही. खेळरजेचा अर्ज आधी माझ्याकडे येतो. मी शेरा मारतो, मग तो वर जातो.

माझा शेरा सहसा 'नामंजूर' असतो. बायको मला खडूस म्हणते, पण टाइम ऑफिसात मऊ माणूस बसवला तर महिन्याभरात कारखाना ओस पडेल. बावीस वर्षांत माझ्या हातून एक खोटी नोंद गेलेली नाही. सख्ख्या चुलतभावाची दहा मिनिटं उशिराची हजेरी मी उशिराचीच लावली आणि त्या वर्षीच्या दिवाळीत त्याच्याकडून आम्हाला फराळाचं ताट आलं नाही.

तर खेळ कशाला म्हणायचं. क्वालिटीमधल्या एकाने बुद्धिबळासाठी रजा मागितली, तेव्हा ज्यात दोन्ही पाय टेबलाखालून हलत नाहीत तो खेळ नव्हे, असं मी त्याला सांगितलं. त्याने जिल्ह्याचं प्रमाणपत्र आणून वरून मंजुरी मिळवली आणि अजूनही जिन्यात भेटला की माझ्या पायांकडे बघून हसतो. शिक्रापूरला एका खोलीत राहणाऱ्या सहा जणांनी मोबाईलवरच्या लुडोच्या स्पर्धेसाठी एकत्र अर्ज केला होता. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. बैलगाडा शर्यतवाल्यांना मात्र मी जरा जास्तच बोललो. पळतात बैल, तर रजाही बैलांना देऊ, असं म्हणालो. तेव्हापासून दोन गावांतून मला लग्नपत्रिका येत नाहीत.

या सगळ्या भानगडींतून मी स्वतःपुरत्या तीन कसोट्या ठरवल्या होत्या. अंगाला घाम आला पाहिजे, कपड्याला माती लागली पाहिजे आणि हरल्यावर त्या दिवशी जेवण गोड लागता कामा नये. यातली एक जरी नसली तरी माझ्या लेखी तो खेळ नव्हता.

मागच्या एप्रिलमध्ये पेंट शॉपमधला एक ऑपरेटर अर्ज घेऊन आला. पस्तिशीचा, कमी बोलणारा, भीमेच्या पलीकडच्या, दौंड तालुक्यातल्या एका गावचा. त्याची फाईल मला तोंडपाठ होती. न सांगता गैरहजर राहिल्याबद्दल दोन पत्रं त्याला आधीच गेली होती. दोन्ही वेळा महिना एप्रिल आणि दोन्ही वेळा मागाहून दिलेलं कारण एकच, मावशी वारली. पहिल्या वर्षी थोरली, दुसऱ्या वर्षी धाकटी. तिसरं पत्र गेलं की चौकशी बसते, आणि चौकशीतून माणूस क्वचितच पुन्हा गेटच्या आत येतो. हे त्यालाही माहीत होतं.

मी अर्ज वाचला. कारण या रकान्यात लिहिलं होतं: गिरेबाज कबुतर उडवण्याची तालुका पातळीची स्पर्धा, दुसरी फेरी, बुधवार.

मी हसलो. तो हसला नाही. गिरेबाज ही उंच आणि तासन्‌तास उडणारी जात असते, सकाळी सोडलेला पक्षी ज्याचा सगळ्यात उशिरा उतरेल तो जिंकतो, हे त्याने मला शांतपणे समजावून सांगितलं. पहिली फेरी रविवारी होती, तिला रजा लागत नव्हती. तिच्यात टिकला तर दुसरी बुधवारी. त्या वेळात तू काय करतोस, असं मी विचारलं. तो म्हणाला, बघतो. नुसता बघतोस? तर म्हणाला, हो, बघतोच. घामाचा आणि मातीचा प्रश्न मी मग विचारलाच नाही.

"साहेब, माझी रजा शिल्लक न्हाई," तो म्हणाला. "तिसरं पत्र आलं तर काय हुतं ते मला ठाऊक हाय. पण निळी रविवारी टिकली तर बुधवारी मी कामावर येणार न्हाई, हे आत्ताच सांगतो. म्हणून ह्या टायमाला खरं लिवलंय."

दोन मावश्यांनंतर हे खरं मला जरा जड गेलं. मी शेरा न मारता अर्ज घेऊन आमच्या मॅनेजरबाईंकडे गेलो. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, पुण्याहून रोज कंपनीच्या बसने येतात. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, यात खेळाडू कोण, हा की कबुतर. मी म्हणालो, माझाही तोच प्रश्न आहे. मला वाटलं त्या आता नामंजूर म्हणतील आणि मी मोकळा होईन. त्या म्हणाल्या, न बघता नाही म्हणणं बरं दिसत नाही. रविवारी पहिली फेरी आहेच, तर तुम्ही स्वतः जाऊन बघा आणि मला लेखी कळवा.

त्या रविवारी मला दौंडला मेहुण्याकडे मटणाचं जेवण होतं. बायको शनिवारीच एसटीने पुढे गेली होती. ऑपरेटरचं गाव वाटेवरच होतं. सकाळी अर्धा तास कबुतर बघायचं, 'पाहणी केली' असं लिहिण्यापुरतं पाप फेडायचं आणि बाराच्या आत पाटावर बसायचं, असा माझा बेत होता. पहाटेच गाडीला किक मारली, न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडला आणि साडेसहाला त्याच्या वस्तीवर पोचलो.

उसाच्या दोन फडांच्या मध्ये घर, घरावर पत्रा आणि पत्र्याशेजारी लोखंडी खांबांवर उभी केलेली ढाबळ. ढाबळ म्हणजे कबुतरांचं घर. हिला बिबट्याच्या भीतीने दुहेरी जाळी मारलेली होती आणि ती माणसांच्या घरापेक्षा स्वच्छ होती. अंगणात ऑपरेटर, त्याचे वडील आणि एक बाई उभ्या होत्या, आणि तिघांचेही चेहरे पडलेले होते. मी येण्याआधीच काहीतरी बिनसलं होतं.

झालं होतं असं की पंच येणार नव्हता. या स्पर्धेत प्रत्येक ढाबळीवर दिवसभर एक पंच बसतो, आणि तो घरचा चालत नाही, दुसरा स्पर्धक किंवा त्याचा माणूस लागतो. यांच्याकडे येणाऱ्या पंचाची म्हैस रात्रीपासून अडली होती. तिला सोडून तो निघायला तयार नव्हता. सातला सगळ्यांचे पक्षी एकदम सुटायचे आणि पंच नसला तर ढाबळ बाद. ऑपरेटरने कमिटीच्या अध्यक्षांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता. आमच्या कंपनीचे एक साहेब आलेत, असं त्याने सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, त्यांचा कबुतराशी काही संबंध? तो म्हणाला, काहीच नाही. त्यांना कबुतरातलं काही कळतं का? तो माझ्याकडे बघत म्हणाला, काहीच नाही. मग उत्तम, असं म्हणून अध्यक्षांनी फोन ठेवला.

मी नको म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिघंही माझ्याकडे असे बघत होते की तोंड तसंच मिटलं. फार तर दहापर्यंत चालेल, अशी मी मनाची समजूत घातली.

सातला त्याने निळीला हातातून सोडलं. निळी म्हणजे राखी-निळ्या रंगाची मादी, तिच्या पंखावर कमिटीचा शिक्का होता. ती घरावर दोन-चार गिरक्या मारून चढत गेली. नियम मला सांगितले गेले. दर तासाला पक्षी डोळ्यांनी बघायचा आणि मोबाईलवर स्पर्धेच्या ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा: मी पंच बोलतोय, पक्षी हवेत आहे. तासाला पक्षी दिसला नाही तर बाद. दिवस मावळायच्या आत आला नाही तर बाद. आणि उतरताना आधी आपल्याच ढाबळीवर उतरला पाहिजे. दुसऱ्याच्या पत्र्याला, झाडाला, खांबाला, कशालाही पाय लागला की संपलं.

त्या बाईंनी चहा आणि पोहे आणले. पोहे चांगले होते. मी सहज विचारलं, तुम्ही यांच्या आई का. त्या म्हणाल्या, "न्हाई वं, मी मावशी. थोरली." मी ऑपरेटरकडे बघितलं, तो आभाळाकडे बघत होता. थोड्या वेळाने दुसऱ्या एक बाई ताक घेऊन आल्या, तेव्हा मी काहीच विचारलं नाही. ताकही चांगलं होतं.

आठचा निरोप मी पाठवला आणि दोन मिनिटांत मॅनेजरबाईंचा अंगठा आला. मी तो चुकून आधी टाइम ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला होता. 'मी पंच बोलतोय, पक्षी हवेत आहे, मला स्पष्ट दिसतोय' हे माझ्या आवाजात आमच्या बत्तीस जणांनी ऐकलं. रात्रपाळीच्या एकाने विचारलं की पक्ष्याचं पंचिंग झालंय का. हे वाक्य मला कारखान्यात आजही ऐकवलं जातं.

दहा वाजले तरी निळी आभाळात होती. बायकोचा फोन आला, कुठवर आलात. मी म्हणालो, पंच आहे. कशाचे? कबुतराचा. मग तुम्ही करताय काय? वर बघतोय. मग तिने भावाला सांगितलं की यांची वाट बघू नका, आणि ते फोनवर मला ऐकू आलं. बाराला दुसरा फोन आला तो फक्त मटण संपत आल्याचं कळवण्यासाठी.

एप्रिलचं ऊन आणि वर मान. अकरानंतर माझी मान एका जागी धरली. मी बाजेवर आडवा होऊन बघायला लागलो, तर ऑपरेटरच्या वडिलांनी काठीने बाजेचा पाय वाजवला. त्यांना सगळे आबा म्हणत. पंचाने आडवं व्हायचं नाही, डोळा लागतो, असा त्यांच्या काळापासूनचा नियम होता. तो नियम लेखी कुठेच नव्हता, पण काठी त्यांच्याकडे होती. मी उठून बसलो.

बाराच्या सुमाराला मला पक्षी दिसेना. निळी एवढी वर गेली होती की आभाळात नुसतं कोरं ऊन होतं. पाच मिनिटांत निरोप पाठवायचा होता. मी डोळे फाडफाडून शोधत होतो. आबांनी सांगितलं, शोधायचं नाही, एका जागी नजर सैल सोडून बसायचं, हललं की दिसतं. मी नजर सैल सोडली. खरोखरच एक काळा ठिपका हलला, तिळाएवढा. मला इतका आनंद झाला की मी ग्रुपवर नेहमीच्या निरोपाला जोडून 'सापडली' असंही बोललो. या वेळी ग्रुप बरोबर होता.

मग दीडच्या सुमाराला ससाणा आला. मला कळलंही नसतं, पण ढाबळीतली सगळी कबुतरं एकदम गप्प झाली आणि ऑपरेटर उभा राहिला. आबा उभे राहिले. दोन्ही मावश्या बाहेर आल्या. वर निळीचा ठिपका, त्याच्या बाजूने दुसरा, मोठा. कोणी काही करू शकत नव्हतं. ससाणा एकदा खाली घुसला, ठिपका तिरपा झाला, पुन्हा वर. दुसऱ्यांदा घुसला. मीही उभाच होतो. माझ्या शर्टाची पाठ पूर्ण भिजली होती आणि मी शेजारच्या मावशीबाईंचं मनगट धरून ठेवलं होतं, हे नंतर त्यांनीच सोडवून घेतलं तेव्हा कळलं. ससाणा कंटाळून नदीकडे गेला. खाली बसताना मी तोल जाऊन अंगणात बसलो आणि पँटला माती लागली.

दुपारभर ऑपरेटर माझ्याजवळ बसून होता. आम्ही दोघं ढाबळीला लागूनच बसलो होतो. सहा महिने रोज पहाटे चारला उठून तो निळीला उडवत होता, मग पहिल्या पाळीची कंपनीची बस पकडत होता. मी विचारलं, एवढं कशासाठी. तो म्हणाला, पेंट बूथमध्ये तोंडाला मास्क लावून आठ तास हातभर अंतरावरचा पत्रा बघायचा असतो. दिवसभर नजर तेवढीच जाते. सुट्टीला इथे बसलं की ती लांब जाते. मला बावीस वर्षांचं टाइम ऑफिस आठवलं, त्याची खिडकी सायकल स्टँडच्या भिंतीकडे उघडते. मला तो माणूस आवडला.

चारनंतर ग्रुपवर एकेक ढाबळ संपू लागली. कोणाचा पक्षी दुपारीच उतरला, कोणाचा ससाण्याने नेला, कोणाचा दिसेनासा झाला. पाचला हवेत तीनच उरले आणि सव्वापाचला आमची निळी एकटी. मी 'आमची' म्हणायला लागलो होतो. आता ती केव्हाही उतरली तरी पहिला नंबर तिचा होता. बुधवारची फेरी नक्की होती, आणि मी शेऱ्यात काय लिहायचं तेही मनात ठरवून टाकलं होतं.

पाच चाळीसला ती उतरायला लागली. थकली होती, गिरक्या लहान लहान होत होत्या. ऑपरेटर तिला बोलावायला दाण्याचा डबा घेऊन शिडी चढत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. आबा निळीसाठी पाणी आणायला आत गेले होते. धाकट्या मावशीबाई माझ्यासमोर चहाचा कप धरून उभ्या होत्या. मी कप घ्यायला हात पुढे केला, पण नजर वरच होती. शेजारच्या घरावर प्लास्टिकची काळी पाण्याची टाकी होती. निळी तिच्यावरून येताना खाली आली, तिचे दोन्ही पाय टाकीच्या झाकणाला टेकले, पंख एकदा मिटले, उघडले, आणि ती उडून आपल्या ढाबळीवर येऊन बसली. सगळं मिळून एक सेकंद.

मी ते बघितलं. लख्ख बघितलं. आणि त्याच क्षणी मला कळलं की मी ते सांगणार नाही.

मनाने लगेच कारणं गोळा केली. सेकंदाचा काय हिशेब. पावणेअकरा तास उडालेला पक्षी. दुसरा नंबर अर्धा तास मागे आहे. कबड्डीत अंगाला हात लागला तरी पंचाने शिट्टी मारल्याशिवाय कोणता शहाणा आपल्या पायाने बाहेर जातो? आणि हा माणूस बाद झाला तर त्याला मी काय तोंड दाखवू, हे सगळ्यात मोठं कारण. मी चहाचा कप खाली ठेवला, मोबाईल काढला, बटण दाबून धरलं आणि बोलायला लागलो, "मी पंच बोलतोय. पक्षी पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी आपल्या ढाबळीवर उतरला आहे…"

ऑपरेटर शिडीवरून उतरत होता. त्याने हात वर केला.

"थांबा, साहेब," तो म्हणाला. "टाकीला पाय टेकला तिचा."

माझं बोट बटणावर तसंच थांबलं. सोडलं असतं तर निरोप गेला असता, म्हणून बोट बाजूला सरकवून तो मी घाईघाईने पुसला. तू तर पाठमोरा होतास, मी म्हणालो. माझा आवाज मलाच चोरटा वाटला. तो म्हणाला, पाठमोरा होतो, पण ती कुठून वळते ते मला माहीत आहे, मी मान वळवली होती. बाद लिहा.

मी दुसरा निरोप पाठवला. पक्षी बाद. ग्रुपवर पटापट प्रश्न आले, मग थांबले. आबा पाणी घेऊन बाहेर आले, त्यांना मुलाने दोन शब्दांत सांगितलं. शेजाऱ्याला ती टाकी हलवायला आपण गेल्या वर्षीच सांगितलं होतं, एवढंच ते मोठ्याने म्हणाले, शेजारी घरी नसताना. ऑपरेटरने निळीला हातात घेतलं, छातीवरून बोट फिरवलं, पाणी पाजलं. तिच्यावर तो जराही चिडला नव्हता. मला मात्र रडू येईल की काय असं वाटत होतं, आणि ते हरल्यामुळे नव्हतं.

जेवल्याशिवाय सोडणार नाहीत म्हणून जेवलो. त्यांनी माझ्यासाठी कोंबडी केली होती. दोन्ही मावश्यांनी आग्रह करून वाढलं आणि मला एकही घास गोड लागला नाही.

सोमवारी मी मान एका बाजूला ठेवूनच कामावर गेलो. मॅनेजरबाईंना लेखी कळवलं: प्रत्यक्ष पाहणी केली, हा खेळ आहे. त्यांनी विचारलं, कशावरून ठरवलं. मी म्हणालो, तो हरला कसा ते बघितलं. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही, पण माझी मान बघून त्यांनी पुढे विचारलं नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑपरेटर आला आणि अर्ज परत मागू लागला. आता उडवायचं नाही तर खेळरजा कशी घ्यायची, असं त्याचं म्हणणं. पण बुधवारी तो येणार नव्हताच. जे बाद होतात ते पुढच्या फेरीत दुसऱ्यांच्या ढाबळींवर पंच म्हणून बसतात, तशी रीत आहे, आणि नेमका त्या म्हैसवाल्याच्या ढाबळीवर त्याला बसायचं होतं. तर तो दिवस बिनपगारी करा, पत्र द्यायचं तर द्या, असं तो म्हणाला.

मी म्हणालो, पंचसुद्धा खेळातच येतो. करारात तसं नाही, पण मी लिहितो. काल दिवसभर मी तेच केलंय आणि मला त्याची किंमत माहीत आहे.

तो पहिल्यांदाच हसला. जरा घुटमळला. काहीतरी बोलायचं राहिलं होतं.

"साहेब, काल मी मधीच बोललो, त्याचं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पंच असताना मालकानं बोलायचं नसतंय. पण मावशीनं नेमका तवाच कप पुढं केला आन् तुमचं ध्यान चहाकडं गेलं, म्हणून मला बोलावं लागलं. न्हाई तर तुम्हीच सांगितलं असतं."

टाइम ऑफिसमध्ये आम्ही दोघंच होतो. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आडपडदा काही नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं.

"हो," मी म्हणालो, "चहाकडे होतं," आणि अर्जावर मंजूर लिहून खाली सही केली.